सगळ्यात मोठं रिव्हॉल्वर

"मावशी, दुकानातलं सगळ्यात मोठं रिव्हॉल्वर द्या. अस्वलाशी गाठ आहे!" ऑर्विल म्हणाला. तो कोडियाक बेटावर सॅमन मासे पकडायला आला होता.

दुकानामागे नेऊन मी ते चालवायला दिलं. पहिल्याच बाराला त्याचं मनगट झिणझिणलं. दुसरी गोळी आभाळात गेली.

"पुरे झाली मर्दुमकी," म्हणत मी मधलं रिव्हॉल्वर आणि हाड फोडून आत शिरणाऱ्या भरीव गोळ्या दिल्या. सहाही निशाणावर बसल्या. मग रिव्हॉल्वर अडकवून छातीवर बांधायचा पट्टा पुढे केला.

"हा कशाला? पिशवीत ठेवीन की!"

"गपचूप बांध!" मी खेकसले.

माझ्या नवऱ्याकडे, एल्मरकडेही सगळ्यात मोठंच होतं. अस्वलाने त्याला गाठलं, तेव्हा ते पाठीवरच्या पिशवीत होतं. पिशवीची चेनसुद्धा उघडलेली नव्हती.