डोलकाठीच्या पायाशी

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता तीन माणसे आम्हा दोघींना बघायला आली. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. दोघींपैकी एक विकत घ्यायची, तिच्यातच संसार मांडायचा आणि वर्षभर समुद्रावर राहायचे, असे त्यांनी ठरवले होते. राहते घर त्यांनी आधीच सोडले होते.

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची बोट आहे. लांबी चौतीस फूट. पोटात निजायला पाच जागा, एक चिमुकली मोरी, दोन शेगड्यांचा ओटा. बंदराच्या आवारात माझ्या शेजारी लाकडी टेकूंवर उभी असलेली बोटही चौतीस फुटांचीच. आम्ही एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालो. सख्ख्या बहिणीच म्हणा. पण त्या सकाळी ते कोणाला खरे वाटले नसते. मी पांढरीशुभ्र होते, माझे पितळ लखलखत होते. ती उन्हाने विटलेली, आणि तिच्या अंगभर लाल चिकटपट्टीचे तुकडे.

"हिला काय गोवर निघालाय?" आजींनी विचारले.

"गोवर नाही हो," तिची मालकीण म्हणाली. या शिडे शिवणाऱ्या काकू. "जिथे गळतं, जिथे सैल आहे, तिथे पट्टी लावलीय. तुम्हाला शोधत बसायला नको, मला लपवत बसायला नको."

"अगं बाई, मग हिला विकायला काढलीय की दवाखान्यात न्यायला?"

काकू मनापासून हसल्या. नवरा-बायको मात्र हसले नाहीत. त्यांची नजर एव्हाना माझ्याकडे वळली होती. ते मला आवडले, हे सांगताना आता लाज वाटते.

माझे मालक दातांचे डॉक्टर. त्यांनी मला कोरी घेतली. दर रविवारी आम्ही निघायचो. त्यांच्या बाई, म्हणजे डॉक्टरीणबाई, सुकाणूवर, दोघी मुली पुढे पाय सोडून बसलेल्या. "साऱ्या बंदरात हिच्याइतकी देखणी बोट नाही," असे डॉक्टर आपल्या रोग्यांना सांगत. रोगी तोंड उघडून पडलेले असत, त्यामुळे कोणी नाही म्हणू शकत नसे. त्या काळात माझी बहीण काकूंबरोबर दूरदूरच्या समुद्रांवर गेली. वादळे खाल्ली, परत आली, डागडुजी करून पुन्हा गेली. मी तिला मनातल्या मनात गबाळी म्हणत असे.

मग मुली परगावी गेल्या, बाई आजारी पडून वारल्या, डॉक्टरांचे गुडघे धरले. मी आवारातच राहिले. माझ्यावरची ताडपत्री फाटली, ती कोणी बदलली नाही. आमची डोलकाठी डेकमधून थेट केबिनमध्ये उतरते आणि तळाशी एका लाकडी ठोकळ्यावर उभी राहते. शिडात वारा भरला की सगळा भार त्या ठोकळ्यावर येतो. कित्येक पावसाळ्यांचे पाणी डोलकाठीवरून ओघळत त्या ठोकळ्यात मुरले. वरून तो टणक दिसे, आतून पावासारखा मऊ झाला होता.

मला विकायचे ठरवल्यावर डॉक्टरांना हे कळले. त्यांनी दात तपासायची जुनी सळई आणून ठोकळ्यात टोचली. ती मुठीपर्यंत आत गेली. ठोकळा बदलायचा तर डोलकाठी उपटावी लागते, तळ उघडावा लागतो. इतक्या जुन्या बोटीसाठी कोण एवढे करणार? आवारातले लोक म्हणाले असते, मोडीत काढा. डॉक्टरांना ते सोसवले नसते.

म्हणून त्यांनी रंगारी भेगा बुजवायला वापरतात ती पांढरी लांबी कालवली, भोक बुजवले, अंगठ्याने गुळगुळीत केले, रंग दिला आणि वर गालिचा अंथरला. किडलेला भाग काढल्याशिवाय दात भरायचा नसतो, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. माझ्याबाबतीत त्यांनी नेमके त्याच्या उलट केले. मायेपोटी केले, हे मला कळते. पण भर समुद्रात जोराचा वारा सुटला की तो ठोकळा दबेल, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा सैल पडतील आणि डोलकाठी केबिनमधल्या माणसांवर कोसळेल.

"किती स्वच्छ आहे," त्या रविवारी माझ्या केबिनमध्ये उतरल्यावर सून म्हणाली. "ओलीचा वाससुद्धा नाही."

"काही दुखणंबिखणं?" नवऱ्याने विचारले.

"वयाच्या मानाने ठणठणीत," डॉक्टर म्हणाले. आवाज जरा खाली गेला. नवऱ्याला तो विनय वाटला.

ते तिघे गेल्यावर काकू माझ्याजवळ आल्या.

"डॉक्टर, तुमचीच घेणार बघा. डोलकाठीचा पाया दाखवलात ना? माझ्या बोटीचा मागेच कुजला होता, बदलून घेतला. दोघी एका साच्यातल्या, म्हणून विचारते."

डॉक्टर एक दोर गुंडाळू लागले. तो आधीच गुंडाळलेला होता.

शेजारी माझी बहीण आपली सगळी दुखणी अंगावर मिरवत उभी होती. मी नव्या रंगात होते आणि मला तिच्याकडे बघवत नव्हते.

मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असेल, छत्री असेल, आजोबांचे घड्याळ असेल. त्यांच्यावर माया असेल तर ती वेळेवर करा. फाटले तेव्हाच शिवा, गळते तिथेच बघा. आणि आमचे दुखणे कळले तर ते झाकू नका. दुखणे सांगितल्याने आम्ही कदाचित मोडीत जाऊ, पण कोणाला घेऊन बुडणार नाही.

आज गुरुवार. थोड्या वेळापूर्वी आजी एकट्याच आल्या, हातात शिंप्याची टेप घेऊन.

"पोरांचं ठरलं. तुमचीच घेणार," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "आता माझ्या खुर्चीचं बघा. ती इथे हवी, या खांबाशी." त्यांनी केबिनमधल्या डोलकाठीवर थाप मारली. " बोट हलली की धरायला बरं."

"खिडकीजवळ ठेवा ना, आजी. उजेड येतो."

"उजेड घेऊन काय करू? मला आधार हवाय. सरका जरा, गालिचा उचला. खुर्ची स्क्रूने पक्की करायचीय, खालचं लाकूड धरेल ना, बघू दे."

डॉक्टर गालिच्यावरच उभे होते. ते बाजूला झाले. दुखऱ्या गुडघ्यांवर हळूहळू खाली वाकले आणि त्यांनी गालिच्याचे टोक मुठीत धरले.

"काय झालं? कंबर धरली का?" आजींनी विचारले.

टोक अजून डॉक्टरांच्या मुठीत आहे, आणि गालिचा जागचा हललेला नाही.