रांगेतला उशीर

तिने पडद्यावरचा उशिराचा आकडा बोटाने झाकला आणि बोट काढून पुन्हा पाहिला. तो वाढलाच होता.

काचेपलीकडे यंत्राचे हात दादाच्या पोटात काम करत होते. ते हात हलवणाऱ्या सर्जनबाई दुसऱ्या शहरात बसल्या होत्या. बाईंचा हात हलल्यापासून यंत्राचा हात हलेपर्यंतचा उशीर लाल रेघेपुढे गेला, की यंत्र थांबवायचं आणि इथल्या डॉक्टरांनी पोट उघडायचं, असं ठरलं होतं. दादाचं हृदय ते सोसेल अशी हमी मात्र कुणीच दिली नव्हती.

हॉस्पिटलचं नेटवर्क तिच्याच हातातलं. आज सुट्टी घे म्हणून साहेबांनी परोपरीने सांगितलं, पण ही कुठली ऐकायला! सगळा उशीर तिने स्वतः मोजला होता. केबलच्या अंतराचा, वाटेतल्या प्रत्येक राउटरने पत्ता वाचून माहिती पुढे धाडण्याचा. अंतर वाढलं नव्हतं, राउटरही तेच होते. उरला रांगेतला उशीर, आधी आलेली माहितीची पॅकेटं पुढे सरकेपर्यंत खोळंबण्याचा. तो तिने जवळजवळ शून्य धरला होता, कारण मोजलं तेव्हा भेटीची वेळ संपलेली आणि लाइन मोकळी. रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवून वेळ सांगण्यातला हा प्रकार.

बाहेर जाणाऱ्या राउटरपाशी रांग तुंबली होती आणि गर्दी येत होती ती प्रतीक्षाकक्षातून.

"किती?" डॉक्टरांनी मान न वळवता विचारलं.

"रेघेला टेकलाय. आलेच मी."

बाहेर खुर्च्याखुर्च्यांवर फोन चालू होते, कुणाचा सिनेमा, कुणाचा सामना. आई व्हिडिओवर मावशीला ऑपरेशनच्या खोलीचं बंद दार दाखवत होती. आईच्या डोक्यावर भिंतीला लावलेल्या वायफायच्या डब्यातून तिने वायर उपटली. कुरकुर सुरू झाली. मावशीचा चेहरा अर्ध्या वाक्यात थांबला.

"अगं, तिच्याशी बोलून जरा धीर येत होता," आई म्हणाली.

"मीच काढली, आई. या फोनांच्या गर्दीत बाईंचा हात दादापर्यंत वेळेत पोचत नाहीये."

आईने फोन मांडीवर उपडा ठेवला. लेकीच्या हातातलं वायरचं टोक घेऊन मुठीत आवळलं.

"जा तू आत. बघते कोण लावतंय ते."

आकडा उतरला. तरी शेवटचा टाका पडेपर्यंत तिने त्याच्यावरची नजर काढली नाही.

ती डॉक्टरांच्या मागोमाग बाहेर आली. सगळं नीट झालं, असं त्यांनी सांगितल्यावर मघाशी कुरकुरणारेच आईभोवती जमले. आई त्यांना मान डोलावत होती, बघत होती लेकीकडे. वायरच्या टोकावरची मूठ अजून घट्ट होती.

"आता सोडू?" आईने विचारलं.