चौदा ताटांचा कुकर

मित्रांनो, पूर्वी मला बोलायचं असलं की मी शिट्टी मारायचो आणि सगळं घर कान टवकारायचं. आता शिट्टीही बसली आहे, तेव्हा हळूच सांगतो, जरा जवळ या. मी एक जुना कुकर आहे. ओट्यावर ऐटीत बसलेला असतो तसला तीन-चार माणसांचा नव्हे, चौदा ताटांचा. मला उचलायला दोन हात लागतात आणि घासायला अर्धा तास. हे मी मिरवायला सांगत नाही. माझ्या या आकारापायी एका भल्या माणसाचं घर मोडलं, ते सांगायचं आहे.

कारखान्यात जाड पत्र्याचा गोल तुकडा यंत्राखाली गेला आणि मी बाहेर आलो. दांडे बसवले, झाकण बसवलं, पाणी भरून तापवून पाहिलं. कुठे गळलो नाही म्हणून पास झालो. मग दुकानाच्या सर्वांत वरच्या फळीवर दीड वर्ष काढलं. गिऱ्हाइकं मान वर करून बघायची आणि म्हणायची, “अगं बाई, यात काय पलटण जेवायची आहे?” शेजारचे छोटे कुकर आले तसे गेले. मी आपला धूळ खात बसलेला.

मग एक दिवस ताई आल्या आणि मला घेऊन गेल्या. त्या एक आधारगृह चालवायच्या. रस्त्यावर, पुलाखाली, बसथांब्यावर दिवस काढलेल्या माणसांना वर्ष-दोन वर्षं ठेवून घ्यायचं, कागदपत्रं करून द्यायची, काम बघून द्यायचं आणि मग त्यांच्या स्वतःच्या भाड्याच्या खोलीत पाठवायचं, असं ते काम. चौदा खाटा, चौदा माणसं. एक गेला की त्याच खाटेवर दुसरा.

तिथे एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता. माझी तिसरी शिट्टी झाली की हातातलं टाकून सगळ्यांनी जेवायला खाली यायचं. मी शेगडीवर बसल्या बसल्या माणसं ओळखायला शिकलो. पहिल्या आठवड्यात जो दोनदा वाढून घेतो तो भुकेला असतो. तिसऱ्या महिन्यात जो दोनदा वाढून घेतो तो रुळलेला असतो. आणि जो पाव गुपचूप खिशात टाकतो, त्याला अजून उद्याचा भरवसा आलेला नसतो.

पेंटरकाकांनी दोन महिने पाव खिशात टाकले. ते पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाट्या यंत्रावर छापून यायला लागल्या तसं आधी काम सुटलं, मग खोली सुटली, आणि नऊ वर्षं ते उड्डाणपुलाखाली राहिले. आधारगृहात आल्यावर ताट घेऊन दाराशी बसायचे. पाठ भिंतीला, डोळे जिन्याकडे. एकदा स्वयंपाकाची पाळी त्यांच्यावर आली आणि काय झालं कोण जाणे, पाळी त्यांच्याकडेच राहिली. त्यांनी माझा डुगडुगणारा दांडा आवळला, झिजलेली रबरी रिंग बदलली. तिसऱ्या शिट्टीला डाव हातात घेऊन ते दाराकडे तोंड करून उभे राहायचे आणि एकेक माणूस आत येताना मोजायचे.

मावशी सर्वांत शेवटी यायच्या. त्या पूर्वी दवाखान्यात आया होत्या आणि त्यांच्या तोंडाला कुणी लागायचं नाही.

“काय हो पेंटर, आज तिखट विसरलात वाटतं?”

“तुम्ही येणार होतात ना मावशी, म्हणून वेगळं घातलं नाही.”

सगळी पंगत हसायची. मावशीसुद्धा, पण पदराआड. ते माझे चांगले दिवस.

दोन वर्षांनी काकांना खोली मिळाली. ताईंकडे एक तक्ता असायचा, बत्तीस ओळींचा. गॅस आठवणीने बंद करता येतो का, अर्ज भरता येतो का, औषधं वेळेवर घेतात का, घरमालकाशी आवाज न चढवता बोलता येतं का. काकांच्या बत्तीसच्या बत्तीस ओळींपुढे बरोबरची खूण झाली. ‘स्वयंपाक येतो’ या ओळीपुढे तर ताईंनी कौतुकाने दोन खुणा केल्या. मला ठाऊक होतं, या माणसाला चौदा जणांचा स्वयंपाक येतो. एकाचा त्याने जन्मात केलेला नाही. पण कुकरला कोण विचारतं? आणि खरं सांगू? विचारलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं.

आधारगृहातून जाणाऱ्याने तिथली एक वस्तू सोबत न्यायची, अशी रीत होती. कुणी ब्लँकेट नेलं होतं, कुणी आरसा. काकांनी मला मागितलं.

“कुकर?” ताई हसल्या. “अहो, एकटा जीव तुमचा. आंघोळ करणार आहात का त्यात?”

“पाहुणे येतील की, ताई.”

“येणार म्हणजे?” मावशी मध्येच म्हणाल्या. “सगळी वरात घेऊन येते. तुम्ही फक्त तिखट आणून ठेवा.”

त्या हसणाऱ्यांतलं एकही माणूस पुढे कधी जेवायला आलं नाही, मित्रांनो. माणसं वाईट नव्हती. कुणाला नवं काम लागलं, कुणाचे पाय दुखत, आणि वाटेत दोन बस बदलाव्या लागत.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक खिडकी, एक खाट आणि माझ्या बुडापेक्षा लहान शेगडी. पहिल्या संध्याकाळी काकांनी हाताच्या सवयीने सात मापं तांदूळ धुतले. मी शिट्ट्या दिल्या, दणदणीत. तिसरीला ते डाव घेऊन दाराकडे वळले. जिन्यावर पावलं वाजली, दारासमोरून वर चौथ्या मजल्यावर गेली. काकांनी दार उघडंच ठेवलं. मग त्यांनी एक ताट वाढलं. माझ्या हिशोबाने तेरा ताटं शिल्लक राहिली.

दुसऱ्या दिवशी ते डबा भरून खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेले. काका दार उघडंच ठेवायचे, त्यामुळे जिन्यातलं सगळं मला ऐकू यायचं. वहिनींनी दोन दिवस डबा घेतला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “काका, रोज रोज नका हो आणू. आमच्याकडे केलेलं असतं, वाया जातं.” त्यांचं काही चुकलं नाही. फक्त दार जरा लवकर लागलं.

मग काकांनी एकट्यापुरतं करायचं ठरवलं. मूठभर तांदूळ, पेलाभर पाणी. माझं बूड एवढं रुंद की तांदूळ त्यात हरवले. वाफ धरायच्या आतच पाणी आटलं. काका खाटेवर बसून शिट्टीची वाट बघत होते आणि मी आतून जळत होतो. मला ओरडताही येईना. भाताचा कोळसा झाला, धूर जिनाभर पसरला, आरडाओरडा झाला. घरमालक वर आले.

“हे बघा, पहिल्यांदा म्हणून सोडतो. पुन्हा धूर दिसला तर खोली रिकामी करायची.”

त्यानंतर काकांनी गॅस पेटवलाच नाही. दुकानातून पाव आणायचे आणि खिशात ठेवायचे. स्वतःच्या घरात, मित्रांनो, स्वतःच्या खिशात.

महिन्याने ताई आल्या. हातात तक्ता होताच.

“गॅस?”

“बंद असतो.”

“शाबास. औषधं?”

“घेतो.”

“जेवण?”

“होतं.”

“आणि हे आमचे कुकरराव? गाजतात की नाही?” ताईंनी माझ्या झाकणावर थाप मारली. त्यांच्या तळव्याला धूळ लागली. त्यांनी हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. पण त्यांना आणखी दोन खोल्या बघायच्या होत्या. त्यांनी रुमालाला हात पुसला आणि जिना उतरल्या.

चौथ्या महिन्यात काकांनी मला भिजत घातलं आणि करपलेला थर खरवडून खरवडून काढला. खोली झाडली. किल्ली वहिनींच्या हातात दिली.

“कुठे निघालात, काका?”

“घरी.”

मला खांद्यावर घेऊन, दोन बस बदलून ते आधारगृहात आले. आत नव्या कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. चौदा ताटं मांडलेली, चौदा माणसं बसलेली. काकांच्या जागेवर एक नवखा माणूस खाली मान घालून जेवत होता.

“पेंटर! अहो या!” मावशी ओरडल्या. “सरका रे जरा, बूड हलवा!”

“नको, जेवून आलोय.”

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही, ते शिकू नका. बसा.”

काका हसले. “हा ठेवायला आलो होतो. मला जरा मोठा होतो.” त्यांनी मला ओट्यावर ठेवलं, दांड्यावरून एकदा हात फिरवला आणि निघाले. ताई वर फोनवर होत्या. त्या धावत खाली येईपर्यंत रस्त्यावर कुणी नव्हतं. पुढे त्यांनी महिनाभर शोधलं. उड्डाणपुलाखालीही पाहिलं. तिथे दुसरीच माणसं होती.

ताईंच्या तक्त्यात आता तेहतिसावी ओळ आहे, हाताने लिहिलेली: ‘एकट्यापुरतं शिजवता येतं का, आणि जेवायला कोण कोण येणार आहे?’ एक छोटा कुकर आणला आहे. जाण्याआधी सहा आठवडे प्रत्येकाने त्यात स्वतःपुरतं करून जेवायचं. मावशींनी पहिल्याच दिवशी डोकावून म्हटलं, “हे जेवण की औषधाचा डोस?” त्या आता स्वतःच्या खोलीत राहतात. दर गुरुवारी इथली दोन माणसं त्यांच्याकडे जेवायला जातात आणि बोलणी खाऊन परत येतात. हे सगळं काकांमुळे झालं, पण काकांना त्याचा काय उपयोग? माझ्यात आता बटाटे ठेवतात.

मित्रांनो, मला घासूनपुसून जपा, असं मी सांगणार नाही; माझं काय, पत्रा आहे. पण तुमच्या जिन्यावर एखादा एकटा माणूस नवा राहायला आला, तर त्याला सगळं आणून देणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही रिकाम्या हाताने जा. म्हणा, “काका, आज मी तुमच्याकडे जेवणार.” ते गडबडतील, दुसरं ताट शोधायला लागतील. शोधू द्या. वेळ लागला तरी उठू नका.