लाल ठिपका

सकाळी तोंड वर करून "मला सगळं येतं!" असं म्हणणं फार सोपं असतं. संध्याकाळी सव्वासातला तेच वाक्य मिक्सरसमोर उभं राहून म्हणून दाखवावं.

नववीतल्या त्या मुलीला घरात सगळे भोंगा म्हणत. का, ते तिने तोंड उघडलं की कळायचं. आजपासून तिची आई शहरातली बस चालवणार होती, दुपारी दोन ते रात्री दहा. बाबा जहाजावर, ते सहा महिन्यांनी एकदा उगवत. घरात उरले आजोबा, आणि आजोबांचे सगळे दात डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात काढलेले. नवी कवळी यायला अजून तीन आठवडे. तोवर मऊ भात आणि गाळलेलं गुळगुळीत सूप, बरोबर साडेसातला. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, साडेसात म्हणजे साडेसात.

"आज जमलं तर ठीक," आईने निघताना बजावलं होतं. "नाही जमलं तर उद्या तुझ्या आत्याला बोलावते. राहील तुझ्याच खोलीत."

आत्या! शाळेच्या हेडबाई म्हणून निवृत्त झाली, पण फक्त कागदावर. गेल्या खेपेला तिने बाथरूमच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं होतं. नऊला दिवे बंद.

म्हणून भोंगाने पहिलं फर्मान काढलं, "आजोबा, आज स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. सल्लेसुद्धा बाहेरून नकोत."

"बरं बाई," आजोबा म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरून जे रुसले ते रुसलेच.

पहिला घोळ इलेक्ट्रिक कुकरचा. त्याला दोन बटणं. एक भात शिजवायचं, दुसरं शिजलेला गरम ठेवायचं. घासून घासून दोन्हींवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली होती. आईने एका बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. भोंगाने डोकं चालवलं, लाल म्हणजे आग, आग म्हणजे शिजणं. सव्वासहाला तिने ठिपका दाबला, दिवा लागला. ती इतकी खूश झाली की स्वतःचीच पाठ थोपटणार होती.

सव्वासातला झाकण उघडलं. कोमट पाण्याच्या तळाशी तांदूळ जसेच्या तसे बसलेले. तिने एक दाणा चावला. कट्‌!

"अरे, तासभर काय झोपा काढल्यास का?" ती कुकरवर ओरडली. झाकण आपटलं, परत तोच ठिपका दाबला आणि सुपाकडे वळली.

टोमॅटो आणि गाजरं गॅसवर उकळून तयार होती. साडेसातला दहा मिनिटं कमी. गार व्हायला वेळ कुणाला आहे? तिने उकळतं पातेलं मिक्सरच्या भांड्यात ओतलं, अगदी काठोकाठ, झाकण लावलं आणि बटण फिरवलं.

आतली वाफ काही आत्यासारखी शिस्तीची नव्हती. फट्‌! झाकण उडालं ते थेट फ्रीजमागे. अर्धं सूप छतावर, थोडं खिडकीवर, थोडं भोंगाच्या भुवयांवर. नशीब की डोळे वाचले. आणि मिक्सर? एकदा घर्रर्र केलं आणि गप्प. दाबा, हलवा, प्लग काढून लावा, ढिम्म!

"आग लागो या मिक्सरला!"

"लागली का खरंच?" बाहेरून आवाज आला.

"नाही! आणि सल्ले नकोत सांगितलंय ना!"

"हा सल्ला नाही, चौकशी आहे. पावणेआठ झाले."

दातओठ खायला घरात दात तिला एकटीलाच होते. भोंगा फरशीवर बसली. रडायलाही वेळ नव्हता, म्हणून तिने सांडलेलं सूप पुसायला घेतलं.

आठ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. शेवटच्या थांब्यावर आईला दहा मिनिटं सुट्टी होती.

"काय गं, जेवले का आजोबा?"

भोंगाने छताकडे पाहिलं. गाजराचा एक तुकडा तिथून हळूहळू सुटत होता.

"आई..." ती म्हणाली. "नाही झा—"

फोन हातातून गेला. आजोबा दारात उभे होते, फर्मान मोडून.

"हो सूनबाई, जेवलो. झकास झालं होतं. तू गाडी सांभाळ." आणि फोन ठेवून दिला.

"आजोबा! तुम्ही खोटं बोललात?"

"तुझ्यासाठी नाही. तुझी आत्या माझी लेक आहे खरी, पण गेल्या खेपेला तिने माझा सकाळचा दुसरा चहा बंद केला होता." त्यांनी कुकरचं झाकण उचललं. "हे काय दाबलंस?"

"लाल ठिपका. लाल म्हणजे गरम!"

"तुझी आई सहा महिने गाडी शिकत होती, तेव्हा दिलाय तो ठिपका. तिच्यासाठी लाल म्हणजे काय?"

भोंगाचं तोंड उघडंच राहिलं. "थांब."

"हं. थांब, याला हात लावू नको, शिजवायचं दुसरं आहे."

"मग असं लिहून ठेवायला काय झालं होतं? या घरात एक वस्तू सरळ चालत नाही!"

"मी जन्मभर लोकांची घड्याळं उघडली. सरळ चालणारी माझ्याकडे कधीच आली नाहीत. आता कर."

तिने दुसरं बटण दाबलं. मिक्सर जास्त भाराने बंद पडला होता; तो गार होऊन चालू होईपर्यंत थांबायची आजोबांची तयारी नव्हती, म्हणून उरलेलं सूप चाळणीवर ओतून ती चमच्याने घोटत बसली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मनगट दुखायला लागलं. गाजराचे तुकडे चाळणीला असे चिकटले होते जणू भाडं भरून राहत होते. तोवर भातही शिजला. पावणेनऊला आजोबांनी सुपाचा पहिला चमचा तोंडात घेतला.

"मीठ?"

"विसरले!"

त्यांनी वाटी रिकामी केली, आणि दुसरी मागितली.

मग भोंगा स्टुलावर चढून ओल्या फडक्याने छत पुसायला लागली. आजोबांनी स्टूल धरून ठेवलं. डाग निघत नव्हता, पसरत होता. आत्या आता येणार नव्हती, खोली वाचली होती. म्हणजे उद्या संध्याकाळी स्वयंपाकघर पुन्हा तिच्याच गळ्यात. आणि परवाही.

"आजोबा, उद्या नुसतं दूध-पाव चालेल?"

"गुळगुळीत करून देशील ना?"

"ईईई!" भोंगाने फडकं पिळलं, आणि लाल पाणी थेट तिच्या कोपरावरून बाहीत शिरलं.