बेडकांचं पाणी

नंदनवन भागातल्या एका शाळेत नंदिनी मेश्राम मॅडमच्या सहावीच्या वर्गानं, कायम पाण्यातच राहणारे चार इवलेसे बेडूक पाळायचं ठरवलं. तयारीलाच तीन आठवडे गेले. अंगठ्याएवढे हे बेडूक श्वास घ्यायला सारखे वर येतात, म्हणून काचेच्या टाकीत पाणी फार खोल नको. गोटे त्यांच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे हवेत. नळाचं पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवूनच टाकायचं, कारण त्यातलं क्लोरीन त्यांच्या कातडीतून थेट अंगात जातं. पोरांनी फुटक्या कुंडीच्या कडा घासून लपायला गुहाही केली. मग मॅडमनी सदर भागातल्या दुकानातून बेडूक आणले.

मार्चमधल्या एका सोमवारी दोन बेडूक तळाशी मरून पडलेले दिसले.

शनिवारी खाऊ घालायची पाळी विक्कीची होती.

"यानंच जास्त टाकलं असंल!" गोलू ओरडला.

"मी चिमूटभरच टाकलं मॅडम, खरंच." पण कोणी ऐकेना. विक्कीनं बाकावर डोकं टेकलं. त्याचे खांदे हलत होते.

दाराशी झाडू घेऊन उभ्या असलेल्या इंदूबाई आत आल्या. आठ महिन्यांपूर्वीच त्या शाळेत साफसफाईला लागल्या होत्या, तेही कंत्राटावर.

"त्याले काही बोलू नका. पाणी मी टाकलं." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "शनिवारी झाडायले आली तं टाकीतलं पाणी आटलेलं दिसलं. जीव तडफडतीन म्हणून नळाखाली बादली भरली अन् ओतली. आता मले कामावरून काढता का, मॅडम?"

नंदिनी मॅडमनी कोपऱ्यातल्या बादलीकडे पाहिलं. बादलीचा नियम त्यांनी चौतीस मुलांना समजावला होता. रोज सकाळी हा वर्ग उघडणाऱ्या बाईला मात्र त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"चूक माझी आहे, इंदूबाई," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

गोलू विक्कीच्या बाकापाशी जाऊन "सॉरी" पुटपुटला. विक्कीनं मान वर केली नाही.

मधल्या सुट्टीत मात्र विक्कीच इंदूबाईंना बोलवायला गेला. "मावशी, हे बघा. हे पाणी आम्ही शनिवारी भरून ठेवलं होतं, हे आज चालते. अन् हे आज भरलं. हे परवा."

"अन् लईच घाई असंल तर?"

"तरी परवाच."

इंदूबाई पहिल्यांदा हसल्या. दोघांनी मिळून पाणी बदललं.

उरलेले दोघं जगले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कोणाकडे ठेवायचे, यावरून वर्गात भांडण झालं. शेवटी विक्कीनं इंदूबाईंचं नाव सुचवलं, कारण सुट्टीतही त्या शाळेत यायच्या. टाकी स्टाफरूममध्ये कूलरजवळ गेली. तिथून रोज दुपारी बाराच्या सुमारास इंदूबाई मॅडमना फोन लावायच्या आणि काचेजवळ तोंड नेऊन हळू आवाजात सांगायच्या, "आता एक वर येऊन राहिला... घेतला त्यानं श्वास... गेला खाली."