बोंबलांच्या काठीवर वाळलेला स्पंज

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. भांडी घासायचा नव्हे. हे आधीच सांगतो, कारण याच गैरसमजापायी माझ्या महिनाभराच्या कष्टांवर एकदा पाणी पडलं होतं, तेही नळाचं. मी मासे पाळायच्या काचेच्या पेटीत कोपऱ्यात बसतो. पंपाच्या हवेने पेटीतलं पाणी माझ्या अंगातून गाळलं जातं.

२०१७ साली डहाणू रोडच्या एका दुकानातून मी पेटीसकट वाढवणला नारू तांडेलांच्या घरी आलो. त्यांनी पंचवीस वर्षं दर्यात होडी हाकली आणि मग गुडघ्यांनी दगा दिला. नवरा दिवसभर दारात बसून नुसता समुद्र बघतो, हे त्यांच्या बायकोला, मैनाला, पाहवेना. ती बाजारात मासळी विकते. तिनेच ही पेटी आणली. नारूंनी नळाचं स्वच्छ पाणी भरलं आणि त्याच दिवशी तीन लाल मोली मासे सोडले. चौथ्या दिवशी तिन्ही पोट वर करून तरंगत होते.

नारू त्यांना मुठीत घेऊन किनाऱ्यावर गेले. परत आल्यावर म्हणाले, "जल्मभर मासा मारला. जगवायला गेलो तं तो पन मेला. देऊन टाक ही पेटी कोनाला तरी."

मला फार वाईट वाटलं. पेटी गेली तर हा माणूस पुन्हा दारात बसणार, हे मलाही कळत होतं.

मैनाने पेटी दिली नाही. तिने आपल्या भाचीला, उन्नतीला, बोलावलं. उन्नती कासा गावच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. रविवारी ती औषधाच्या बाटल्या आणि काचेच्या नळ्या घेऊन आली. एका नळीत नळाचं पाणी, दुसरीत पेटीतलं. थेंब टाकून तिने दोन्ही हलवल्या. नळाचं पाणी पिवळं झालं, पेटीतलं हिरवं.

"काका, पिवळं म्हणजे अमोनिया नाय. हिरवं म्हणजे विष आहे," ती म्हणाली. "माशांच्या घाणीतून ते होतं. ते खाणारे जिवाणू स्पंजात राहतात, पण तुमची पेटी नवी. ते अजून आलेच नाहीत."

"म्हंजे नळाचं पानी चांगलं?"

"प्यायला चांगलं. त्यात जंतू मारायची पावडर असते, आणि पेटीला तर जंतूच हवेत. म्हणून पाणी दिवसभर बादलीत उघडं ठेवायचं, मग ओतायचं."

आणखी एका तपासणीत नळाचं पाणी नारिंगी झालं. हे नायट्रेट, म्हणजे जिवाणूंनी विष खाल्ल्यावर शेवटी उरणारं, फारसं न बाधणारं क्षार. ते थोडं नळातच होतं. ती म्हणाली, "हा रंग लक्षात ठेवा, पुढे लागेल." मग तिने जिवाणूंच्या खाण्यासाठी कोलंबीचा एक तुकडा पेटीत कुजत ठेवायला सांगितला.

मैना बघतच राहिली. "उभा जल्म बर्फ घालून मासळी टिकवली, आनि आता घरात कुजवू? गिऱ्हाईकानं ऐकलं तं माझ्या टोपलीला हात नाय लावनार."

पण कोलंबी पडली. हळूहळू माझ्या भोकाभोकांत इवल्याशा जिवांनी बिऱ्हाडं थाटली. उन्नतीने ठेवलेल्या बाटल्यांनी नारू रोज सकाळी चहाआधी पाणी तपासू लागले. आधी हिरवा रंग गडद झाला. पुढे दुसऱ्या बाटलीच्या थेंबांनी निळी राहणारी नळी जांभळी झाली. म्हणजे एक विष खाल्लं गेलं आणि त्यातून दुसरं झालं. महिन्याने हिरवं संपलं. आता फक्त जांभळं जायचं उरलं होतं.

त्याच आठवड्यात नारू गुडघे दाखवायला गेले होते आणि घरी पाहुणे यायचे होते. मासळीवाल्यांच्या घरात लोक आधी वासच शोधतात, असं मैना नेहमी म्हणते. तिने कोलंबी फेकली, मला नळाखाली धरून दोनदा पिळलं आणि बोंबील सुकवायच्या काठीवर उन्हात टांगलं. मी संध्याकाळपर्यंत लख्ख झालो आणि पार रिकामा झालो.

नारूंनी मला बोंबलांच्या रांगेत पाहिलं. "मैना, सगली वस्ती धुतलीस तू," एवढंच ते बोलले आणि दारात जाऊन बसले.

मैनाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तिने टोपलीतली सगळ्यात मोठी कोलंबी बाजूला काढली आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकली. "या खेपेला मी कुजवते," ती म्हणाली.

कल्ले बघून मासा ताजा की शिळा सांगणारी तिची नजर. हिरव्याच्या छटा तिला नारूंपेक्षा लवकर कळू लागल्या, आणि दोघं त्यावरून भांडूही लागली. सहा आठवड्यांनी पहिली नळी पिवळी राहिली, दुसरी निळी, म्हणजे दोन्ही विषं गेली; पण तिसरी, नायट्रेटची, लालभडक. नारू घाबरले. मैना म्हणाली, "नारिंगी तं नळातलंच. त्याच्या वरचं आपल्या जिवांनी केलेलं काम." अर्धं पाणी बदललं आणि पुन्हा तीन मोली आल्या. चौथ्या दिवशी नारू पेटीसमोरून हललेच नाहीत. पाचव्या दिवशी ते पोटभर जेवले.

आता २०१९ उजाडलंय. मी जागोजागी फाटलोय, म्हणून नवा स्पंज आला. मैना मला टाकायला निघाली, तेव्हा नारूंनी तिचा हात धरला. "जुना महिनाभर नव्याच्या बाजूला राहू दे. याचे जीव त्याच्यात जातील. नुसता नवा ठेवलास तं मासे मरतील."

मैनाने मला परत पेटीत ठेवलं. "मग तुमी का घरात बसून? नवी पोरं जाली शिवतात, गाठ दोन दिसांत सुटते. बसायला गुडघे कशाला लागतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नारूंनी भिंतीवरची जाळं विणायची सुई काढली आणि हळूहळू किनाऱ्याकडे गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्याला धुवायचंच झालं तर पेटीतलंच पाणी बादलीत काढून त्यात हलकं पिळा. आणि नवा आणलात तरी जुन्याला लगेच फेकू नका, थोडे दिवस शेजारी बसू द्या. नारू किनाऱ्यावर जाळी शिवणाऱ्या पोरांच्या शेजारी बसायला लागून आज अठ्ठावीस दिवस झाले. माझा महिना परवा संपेल. त्यांचा संपेल असं काही दिसत नाही.