डावा खांदा

लॉरीनचा डावा खांदा निखळतो हे तिघींनाच ठाऊक होतं. लॉरीनला, मला आणि ब्रायनीला.

मी चाळीस वर्षं नर्स होते. निवृत्त झाले तेव्हा गावातल्या मुलींच्या संघाला पट्ट्या बांधायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि ते काही सुटलं नाही. आमच्या खोऱ्यात तेरा-तेरा जणांचं रग्बी खेळतात. पंधरा जणांचं रग्बी बाकी सगळ्या फ्रान्सला प्रिय, पण आमच्याकडे त्याचं नाव काढलं तर म्हातारे अजून तोंड फिरवतात. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं तेराच्या खेळावर बंदी आणली, मैदानं काढून घेतली, चेंडूसुद्धा नेले. माझे वडील मरेपर्यंत ते विसरले नाहीत. आमच्या गावात राग असा पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात.

लॉरीन काझाल्स ही द्राक्षमळेवाल्यांची मुलगी. ब्रायनी होलरॉइड सहा वर्षांची असताना आईबापांबरोबर इंग्लंडहून आली. बाप छपरं दुरुस्त करायचा, त्याला इथलं ऊन आवडलं आणि तो राहिला. शाळेत पहिल्या दिवशी पोरीला आमच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. त्यात तिला घरी 'ब्री' म्हणतात हे पोरांना कळलं, आणि ब्री हे आमच्याकडे एका चीजचं नाव. मग काय, "चीज आलं, चीज आलं" करून त्यांनी तिला रडकुंडीला आणलं. लॉरीननं त्यातल्या सगळ्यात दांडग्याला पायऱ्यांवर आडवं केलं. त्या दिवसापासून दोघी एका बाकावर.

मैदानावरही तसंच. ब्रायनी चेंडू उचलायची आणि फेकायची, लॉरीन घेऊन पळायची. लॉरीन मागे बघायची नाही. हात पुढे करायची आणि चेंडू तिथे असायचा. दुसऱ्या गावचे प्रशिक्षक म्हणायचे, या दोघींना वेगवेगळं करा, मग बघू. अठराव्या वर्षी त्या वेगळ्या झाल्या, पण कॉलेजमुळे. लॉरीन तुलूझला गेली, ब्रायनी यॉर्कशरला आजीकडे. सुट्टीत मात्र ती न चुकता यायची, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी मैदानावर.

फेब्रुवारीतल्या सुट्टीत तेच चाललं होतं. ब्रायनी पळत येतेय, लॉरीन तिला पाडतेय. एकदा लॉरीनचा हात मागे राहिला आणि खांदा सुटला. ब्रायनीनं तिला बापाच्या गाडीत घातलं आणि थेट माझ्या दारात आणलं. येईपर्यंत तो आपसूक बसला होता. पोरगी पांढरीफटक पडली होती.

"डॉक्टरकडे जा," मी म्हणाले. "फोटो काढा. आणि तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही."

"मावशी, एप्रिलमध्ये इंग्लंडचा संघ येतोय. विद्यापीठांचा सामना. मार्चमध्ये निवड आहे."

"मग पुढच्या वर्षी खेळ."

"पुढच्या वर्षी तिकडे जायचंय. या वर्षी इथे आहे. बाबा बघायला येतील, आजोबा येतील."

ब्रायनी तिचा धड हात धरून बसली होती. ती म्हणाली, "मावशी, ती ऐकायची नाही. तू नाही बांधलंस तर न बांधता खेळेल. तू बांध. आम्ही कुणाला बोलणार नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. कातडीच्या रंगाची पट्टी आणली, बाहीखाली दिसणार नाही अशी कशी बांधायची ते मीच शोधून काढलं. निवडीच्या दिवशी लॉरीन अशी खेळली की कुणाला शंकासुद्धा आली नाही.

मार्चअखेर इंग्लंडची यादी आली. लॉरीन फोन हातात घेऊन हसत माझ्याकडे आली.

"बघ, आमचं चीज तिकडून खेळणार. सात नंबर. आणि मी सहा. समोरासमोर."

"तुला आधी बोलली नव्हती?"

"तिलाच काल कळलं. शेवटच्या क्षणी कुणाच्या तरी जागी घेतलं म्हणे."

"आणि खांद्याचं?"

"त्याचं काय?"

"तिला माहीत आहे तो."

लॉरीनचं हसू गेलं. "मावशी, काहीतरीच बोलू नकोस. तू ब्रीला ओळखत नाहीस का?"

मी विषय सोडला. मला माझीच लाज वाटली, खरं सांगते.

सामना शनिवारी दुपारी तीनला होता. वारं असं सुटलं होतं की मैदानाकाठचे झेंडे कडकड वाजत होते. लॉरीनचे आजोबा काठीवर हनुवटी टेकून पहिल्या रांगेत. ब्रायनीचा बाप मध्येच उभा, अर्धा या बाजूला, अर्धा त्या बाजूला. लोक त्याची थट्टा करत होते, "होलरॉइडसाहेब, आज टाळ्या कुणाला?" आणि तो म्हणत होता, "दोन्ही हात आहेत ना मला."

सुरुवातीला मुलींनी मिठ्या मारल्या. ब्रायनीनं लॉरीनच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. मग शिटी झाली.

आमच्या खेळात सहा वेळा पाडेपर्यंत चेंडू तुमचा, मग तो समोरच्यांना द्यायचा. इंग्लंडच्या पहिल्या सहात पहिल्या दोन वेळा त्या सरळ मधून आल्या. तिसऱ्या वेळी ब्रायनीनं चेंडू उचलला, मान वर केली आणि आठ नंबरच्या पोरीला दिला. ती पोरगी दाराएवढी होती. ती लॉरीनच्या डाव्या अंगावर आली. लॉरीननं पाडली तिला. उठताना डावा हात पोटाशी धरून उठली.

मला वाटलं, योगायोग.

पुढच्या वेळी पुन्हा आठ नंबर, पुन्हा डावीकडून. मग बारा नंबर. मग पुन्हा आठ. प्रत्येक वेळी चेंडू ब्रायनीच्या हातातून निघत होता आणि प्रत्येक वेळी ती द्यायच्या आधी एक नजर टाकत होती, लॉरीन कुठे उभी आहे ते बघायला. लॉरीननं जागा बदलली, आतल्या बाजूला सरकली. त्या तिच्या मागे आत आल्या. विसाव्या मिनिटाला माझ्या शेजारी बसलेला कुणीतरी बोलला, "या सहा नंबरवर काय दात आहे का यांचा?"

मध्यांतराला आम्ही दहा-आठनं पुढे होतो. लॉरीन खाली बसली, मी तिची बाही वर केली. पट्टी एका कडेनं सुटली होती. मी नवी बांधायला घेतली. ती माझ्याकडे एकटक बघत होती.

"मावशी, तू कुणाला बोललीस का?"

"मी?"

"डॉक्टरांना, प्रशिक्षकांना, कुणाला तरी. तिकडे पोचलंय ते."

"मी कशाला बोलेन, लॉरीन?"

"मग कोण?"

मी पट्टीचं टोक दाबून बसवलं. मी तिला जन्मल्यापासून बघतेय, तिची नाळ पडली तेव्हा मी घरात होते. पण तिला माझ्यावर संशय घेणं सोपं वाटलं. ते मला लागलं. आणि ते का सोपं वाटलं तेही कळत होतं. माझं नाव घेतलं की दुसरं नाव घ्यावं लागत नव्हतं.

"मी प्रशिक्षकांना सांगते, तुला बाहेर घेतील," मी म्हणाले.

"सांगितलंस तर पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

ती गेली.

दुसऱ्या डावात बाराव्या मिनिटाला झालं ते. आमच्या रेषेपासून दहा पावलांवर इंग्लंडचा चेंडू होता. ब्रायनीनं उचलला. उजवीकडे तिची एक मुलगी अगदी मोकळी होती, दिला असता तर सरळ ट्राय होता, रेषेपलीकडे चेंडू टेकवला की गुण. पण तिनं डावीकडे दिला, आठ नंबरला. लॉरीननं ते पाहिलं. माझ्या जागेवरून मला तिचा चेहरा दिसत होता. तिनं चेंडूकडे पाहिलंच नाही, ब्रायनीकडे पाहिलं, आणि नंतर आठ नंबरला सामोरी गेली. आवाज आला नाही, पण हात लोंबला तेव्हा मला कळलं. आठ नंबर तिच्यावरून जाऊन रेषेपलीकडे पडली.

लॉरीन स्वतः चालत बाहेर आली. डॉक्टर पळत आले, तरुण माणूस, चांगला.

"आधी कधी झालं होतं का असं?"

"नाही," लॉरीन म्हणाली.

ओढून बसवायचं की आधी फोटो काढायचा, हे त्या उत्तरावर ठरणार होतं. मी म्हणाले, "फेब्रुवारीत. पूर्ण निखळला होता. तेव्हापासून पट्टीवर खेळतेय, आणि पट्टी मी बांधते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रशिक्षकांनी. लॉरीननं मात्र मान फिरवली.

"तूसुद्धा," ती म्हणाली.

आम्ही चौदा-अठरानं हरलो.

दवाखान्यात खांदा बसवला, हात गळ्यात बांधला, आणि घरी जा म्हणाले. पण लॉरीन जेवणाला यायचंच म्हणून हटून बसली. सामना झाला की दोन्ही संघ एका टेबलावर जेवतात, ही आमची रीत. सभागृहात लांब टेबलं मांडली होती, मोठ्या मातीच्या भांड्यांत पांढऱ्या घेवड्याचं कासूले, त्यात बदकाचे पाय आणि सॉसेज. पश्चिमेच्या खिडक्यांतून अजून ऊन येत होतं. लॉरीन आत आली तेव्हा इंग्लंडच्या मुलींनीही टाळ्या वाजवल्या. ती माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली.

ब्रायनी तिच्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे सुजलेले होते.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"तू सांगितलंस का?"

ब्रायनी आमच्या भाषेतच बोलत होती, आमच्याच गावच्या हेलात. "आमच्या संघाच्या बैठकीत प्रशिक्षकांनी विचारलं मला. म्हणाले, तू या सगळ्यांना ओळखतेस, कुठून फुटतील? मी काहीच बोलले नाही. मग म्हणाले, सुरुवातीपासून कुणाला खेळवायचं ते अजून ठरलेलं नाही."

"आणि तू माझा खांदा दिलास."

"मी खांदा नाही म्हणाले. सहा नंबरची डावी बाजू, एवढंच म्हणाले. लॉरीन, मला वाटलं दोन-तीनदा येतील आणि सोडतील."

"चेंडू तू देत होतीस ब्री. त्या कुठे आपणहून येत होत्या? तू पाठवत होतीस."

ब्रायनीनं समोरचा पेला बाजूला सरकवला.

"उजवीकडे तुझी मुलगी मोकळी होती."

"हो."

"मग?"

"तसं ठरलं होतं," ती म्हणाली.

लॉरीन पुढे वाकली. मग विचारलं, "यादीत नाव आहे हे तुला कधी कळलं? खरं सांग."

ब्रायनी टेबलाकडे बघत राहिली. "जानेवारीत. पत्र जानेवारीत आलं."

म्हणजे फेब्रुवारीत मैदानावर लॉरीनला पाडायचा सराव देताना तिला माहीत होतं. माझ्या घरात तिचा हात धरून बसली होती तेव्हा माहीत होतं. मी दोन खुर्च्या पलीकडे बसून ते सगळं ऐकलं.

तेवढ्यात वाढणारीनं लॉरीनच्या ताटात बदकाचा पाय आणि सॉसेज वाढलं. एका हातानं ते कापता येणार नव्हतं. ब्रायनीनं सवयीनं हात पुढे केला आणि ताट आपल्याकडे ओढलं. लॉरीननं ते परत ओढून घेतलं. मला वाटलं, माझ्याकडे देईल. तिनं माझ्याकडेही दिलं नाही. ती उठली, ताट घेऊन टेबलाला वळसा घालून गेली आणि इंग्लंडच्या त्या आठ नंबरच्या पोरीसमोर ते ठेवलं.

शाळेतल्या तोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तू काप. तू तरी समोरून आलीस."

त्या पोरीला आधी काही समजेना. मग तिनं गळ्यातल्या हाताकडे पाहिलं, ब्रायनीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "मला कुणी बोललं नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

त्या दाराएवढ्या पोरीनं खाली मान घालून लहान मुलाला कापून द्यावेत तसे बारीक बारीक तुकडे केले. लॉरीन तिच्या शेजारी बसून सगळं जेवली. ब्रायनी केव्हा उठून गेली ते मी पाहिलं नाही.

मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. उन्हाळ्यातला दौरा गेला, पुढचा अर्धा मोसम गेला. मी तिच्या घरी जात राहिले. पहिल्या दोन वेळा तिची आई म्हणाली की ती झोपलीय. तिसऱ्या वेळी लॉरीननंच दार उघडलं आणि म्हणाली, "ये, कॉफी टाकतेय." त्या "तूसुद्धा"बद्दल आम्ही कधी बोललो नाही. माझ्याकडून पट्ट्या बांधायचं काम मात्र संघानं काढून घेतलं, आणि ते योग्यच होतं.

जुलैत ब्रायनी आली. लॉरीन संध्याकाळी मैदानावर लहान मुलींना एका हातानं चेंडू टाकायला शिकवत होती, मी बाकावर बसले होते. ब्रायनी कुंपणाशी येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली.

लॉरीन गेली जवळ. अगदी शांतपणे विचारलं, "तुम्हाला कुणाला भेटायचंय?"

सहा वर्षांच्या असल्यापासून दोघींत 'तू'शिवाय दुसरं काही नव्हतं. ब्रायनीनं ते ऐकलं, कुंपणावरचा हात काढला. "कुणाला नाही," म्हणाली आणि गेली. ठरल्यापेक्षा आठवडा आधीच ती इंग्लंडला परतली. तिचा बाप माझ्याकडे विचारायला आला, काय झालं म्हणून. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तो स्वयंपाकघरात टोपी गुडघ्यावर ठेवून बसला, मग म्हणाला, "काझाल्सांच्या गोठ्याचं छप्पर माझ्याकडे आहे. मी कसा जाऊ आता तिथे?" गेला तो, आणि लॉरीनच्या आईनं त्याला जेवूनच पाठवलं.

पुढच्या वसंतात लॉरीन पुन्हा निवडली गेली आणि यॉर्कशरला खेळून आली. आल्यावर मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, ब्रायनी संघात नव्हती. तिनं खेळच सोडलाय, आठ नंबरवालीनं सांगितलं.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत होती. "तिच्यासारखा पास अजून कुणाला जमत नाही," ती म्हणाली, आणि मग तिकडे किती पाऊस होता ते सांगू लागली.